नलकाका

आमच्या सोसायटीत राहायला आलेलं प्रत्येक नवं कुटुंब पहिल्या पंधरवड्यात एकदा तरी नलकाकांची बेल वाजवतं. बहुधा सकाळी साडेसहाला, आणि बेल वाजवणाऱ्याची बाही कोपरापर्यंत भिजलेली असते. दोष वॉचमनचा. तो उत्तरेकडचा, त्याच्या तोंडी 'ळ' नाही, आणि त्याच्या हिंदीत नळाला नलच म्हणतात. त्यामुळे तो सरळपणे 'नलकाका, तीसरी मंजिल' असं सांगतो तेव्हा ऐकणारा मराठी माणूस समजूतदारपणे ते 'नळकाका' असं दुरुस्त करून घेतो आणि जिना चढतो.

काका दार उघडतात, पाहुण्याला पंचा देतात, मेन कॉक कुठे आहे ते सांगतात आणि मग म्हणतात, "मी तुमच्या नळाचा नव्हे. मी नलचा."

"म्हणजे दमयंतीचा?" असं एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं होतं. बाई संस्कृतच्या शिक्षिका होत्या, आता निवृत्त आहेत. काका उत्साहाने म्हणाले, "तो राजा होता, बाई. त्याचं काहीतरी होतं, ते त्याने घालवलं. माझ्या नलकडे काही होतं की नव्हतं, तेच ठाऊक नाही."

काका तीस वर्षं डेटाबेस सांभाळायच्या नोकरीत होते. आधी बँकेच्या कॉम्प्युटर विभागात, मग हिंजवडीत. लोक नोकरीतून निवृत्त होताना घड्याळ नाहीतर शाल घेऊन येतात, काका नल घेऊन आले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि डोळ्यांत जगातल्या प्रत्येक रिकाम्या रकान्याबद्दल कळवळा. त्यांची व्याख्या पाठ केलेली नाही, पण ती दर वेळी तीच येते. "शून्य ही माहिती आहे. खिशात शून्य रुपये आहेत, याचा अर्थ मी खिसा तपासलाय. नल म्हणजे खिसा अजून तपासलेला नाही. किंवा," इथे ते स्वतःच्या झब्ब्याकडे बोट दाखवतात, घरात ते झब्बा घालतात, "याला खिसाच नाही."

अर्ज भरणं हे काकांचं रणांगण. खिडकीपलीकडचा माणूस म्हणतो, 'काका, तिथे निरंक लिहा.' काका पेनाला टोपण घालतात. निरंक म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. आपण तर मोजलंच नाही. मग 'लागू नाही' लिहा. पण लागू नाही, हेही आपल्याला कुठे माहीत आहे? मागे रांग वाढत जाते. काकांसारखा एक माणूस रांगेत पुढे असला की मागच्या माणसांना डबा खाऊन घ्यायला वेळ मिळतो, एवढं मी अनुभवाने सांगतो.

घरातही तेच. काकू विचारतात, "रात्री जेवायला आहात ना?" काका म्हणतात, "अज्ञात." खरं, खोटं आणि अज्ञात अशी तीन उत्तरं डेटाबेसच्या तर्कशास्त्रात चालतात, आणि काकांनी ती संसारात आणली. काकूंनी बरीच वर्षं सोसलं, मग त्याही शिकल्या. हल्ली काका 'अज्ञात' म्हणाले की काकू भातही अज्ञात टाकतात. रात्री काका फ्रीज उघडून उभे असतात.

एका बाबतीत मात्र काकू त्यांच्या बाजूच्या आहेत. नल बरोबर नल का, असं डेटाबेसला विचारलं तर तो 'हो' म्हणत नाही. 'नाही'ही म्हणत नाही, 'माहीत नाही' म्हणतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे कॉलेजात सांगतात आणि आम्ही ते परीक्षेपुरतं मान्य करतो. काकांनी काकूंना ओट्यावरचे दोन डबे दाखवले. दोन्हींची लेबलं धुण्यात निघून गेलेली. "दोन्हींवर लेबल नाही, म्हणून दोन्हींत एकच पूड असते का?" काकूंनी एकदा धणेपूड समजून आमटीत सुंठ घातलेली होती. त्यांना तत्काळ पटलं.

आता आप्पा. आप्पांशिवाय नलकाका पुरे होत नाहीत, जशी किल्ली कुलपाशिवाय. आप्पा चौथ्या मजल्यावर राहतात, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले. एक्स्चेंज इलेक्ट्रॉनिक झाल्यावर बिघाडाच्या नोंदी सोळाच्या भाषेत येऊ लागल्या, आणि आप्पांना दहाचं जग फिकं वाटायला लागलं ते कायमचं. शून्य ते नऊ आपले नेहमीचे अंक, पुढे दहा ते पंधरासाठी ए, बी, सी, डी, ई, एफ ही अक्षरं, आणि सोळाला एकावर शून्य. मशीनमधले चार खटके चालू-बंद करून सोळा तऱ्हा होतात, म्हणून चार खटक्यांना एक अंक पुरतो, आठ खटक्यांच्या बाइटला दोन. दोनशे पंचावन्न म्हणजे एफ-एफ. एवढंच ते हेक्साडेसिमल. पण आप्पांच्या तोंडून ऐकावं तर वाटतं, एखाद्या घराण्याची गायकी सांगताहेत.

"आपली सोसायटी तीस घरांची," आप्पांनी पहिल्याच सभेत सांगितलं होतं. "अठ्ठेचाळीस," सेक्रेटरी म्हणाले. "तेच म्हणतोय मी," आप्पा म्हणाले. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस.

त्यांचं म्हणणं असं की सोळा हा आपलाच आकडा, इंग्रजांनी तो कॉम्प्युटरमध्ये घालून परत विकला. रुपयाचे आणे सोळा होते. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि आणे गेले, पण बाजारात चार आणे, आठ आणे पुढे कितीतरी वर्षं चालू राहिले, आणि एखादी गोष्ट सोळा आणे खरी असते ती अजून आहेच. गणपतीत तर आप्पा गुरुजींच्या शेजारी बसून षोडशोपचार पूजा मोजतात, शून्यापासून. शून्यावर आवाहन, एकावर आसन, असं करत गंध आठवर आणि पुष्प नऊवर येतं. "इथे अंक संपले. आता अक्षरं. ए धूप, बी दीप, सी नैवेद्य..." एफवर मंत्रपुष्पाला आप्पा असा सूर लावतात की गुरुजींनी एकदा न राहवून दक्षिणाही सोळाच्या पटीत मागितली.

नळाच्या भानगडीतही आप्पांनीच शास्त्र घातलं. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. युनिकोडात 'ल'चा ०९३२ आणि 'ळ'चा ०९३३, दोन्ही सोळाच्या मापात. "वॉचमन एका अंकाने चुकतो," आप्पा म्हणाले, "तेवढं तर आमच्या एक्स्चेंजमध्येही चालायचं."

या दोघांचं भांडण मला प्रथम कळलं ते वर्गणीच्या वर्षी, आणि त्यात माझाच हात होता, म्हणून नीट सांगतो.

गणपतीची वर्गणी कुणी दिली नाही ते काढायचं काम माझ्याकडे आलं. सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून. मी घरांचं एक टेबल केलं, पावत्यांचं दुसरं, आणि क्वेरी लिहिली: ज्या घराचा नंबर पावत्यांच्या यादीत नाही, अशी घरं दाखव. उत्तर आलं, एकही नाही. मी स्वतःवर खूश होतो. सेक्रेटरींनी आरतीनंतर माइकवरून जाहीर केलं की मंडळाच्या इतिहासात प्रथमच सर्वांची वर्गणी जमा झाली आहे. टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत वर्गणी न दिलेले लोक पुढे होते, हे नंतर लक्षात आलं.

रात्री खजिनदार पैसे मोजायला बसले. पावत्या एकतीस, घरं अठ्ठेचाळीस. एका घराची एक पावती धरली तर सतरा घरं कमी. मी लॅपटॉप उघडून पुन्हा चालवलं. एकही नाही. लॅपटॉप बदलला. तेव्हा कुणीतरी नलकाकांना बोलावून आणलं, या वेळी खऱ्या कामासाठी. काका झोपेतून उठून आले होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. विचारलं, "पावत्यांत कुठे घरनंबर रिकामा आहे का?"

होता. कुणीतरी पाचशे एक रुपये देऊन 'शुभेच्छुक' एवढंच लिहून गेलं होतं.

काका खुर्चीवर मांडी घालून बसले. त्यांच्या चेहऱ्यावरचं तेज मी नंतर फक्त नातवाच्या बारशाला पाहिलं. "आता यंत्राच्या जागी तू बस," ते मला म्हणाले. "३०२ ने वर्गणी दिली का? तीस नंबर तपासलेस, त्यात ३०२ नाही. पण ही एकतिसावी पावती कुणाची? ३०२ ची नसेलच, असं शपथेवर सांगशील?"

"नाही सांगता येणार."

"मग ३०२ चं नाव थकबाकीदारांत घालशील?"

"नाही."

"४०१?"

मला घाम फुटला. एका निनावी पावतीने सगळी इमारत संशयाचा फायदा घेऊन निर्दोष सुटली होती. आणि यंत्र चुकलं नव्हतं. चूक विचारणाऱ्याची होती.

तेवढ्यात आप्पा आले. त्यांनी प्रकार ऐकला आणि म्हणाले, "एवढंच ना? रिकाम्या जागी शून्य-शून्य टाका." मी टाकलं. क्वेरी चालवली. झरझर अठरा नावं आली. आप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली. नलकाका मात्र उठून उभे राहिले. "झालं," ते म्हणाले, "आता या इमारतीत ०० नंबरचं घर झालं."

आम्ही हसलो. पुढच्या महिन्यात ०० नंबरच्या घराला मेंटेनन्सचं बिल निघालं. तीच फाइल बिलांना जोडलेली होती, ते कुणाच्या लक्षात नव्हतं. वॉचमनने इमानाने सगळे जिने पालथे घातले आणि शेवटी बिल पंपरूमच्या दारात सरकवलं. तिसऱ्या महिन्यात त्यावर दंडव्याज लागलं. शिवाय त्या अठरा नावांत आमचे शुभेच्छुकही होतेच. गुप्तदान करून थकबाकीदार ठरल्यामुळे त्यांनी पुढच्या वर्षी नाव-पत्त्यासह वर्गणी नाकारली. काकांनी नंतर तीच अठरा नावं वेगळ्या क्वेरीने, ०० न घालता काढून दिली. बदल केला तो फक्त मथळ्यात. आधी मी लिहिलं होतं, 'वर्गणी न दिलेले सभासद'. काकांनी लिहिलं, 'ज्यांच्या नावाची पावती सापडली नाही असे सभासद'. त्यावर भांडायला कुणीही आलं नाही.

तेव्हापासून संध्याकाळी बाकावर दोघांची जुंपते ती या ०० वरून. आप्पा म्हणतात, "शेवटी मशीनच्या पोटात काहीतरी असणारच ना? नल म्हणजे ००, संपलं." आणि पेपरच्या कोऱ्या कडेवर ते तक्ता मांडतात. आस्की नावाच्या जुन्या अक्षरसंचात अगदी पहिल्या, ०० क्रमांकावर एक अक्षर आहे, त्याचं नावच नल. सी भाषेत शब्द कुठे संपला ते त्यावरून कळतं. कोरी जागा, म्हणजे स्पेस, २० वर. आणि आपण टाइप करतो तो शून्याचा अंक ३० वर. "बघा, तुमचं काहीच-नाही तीन-तीन ठिकाणी पत्ता देऊन राहतं!"

"त्यातलं एकही माझं नाही," काका म्हणतात. "ती तिन्ही मुलं हजर आहेत. पहिला हात वर करून गप्प बसतो, दुसरा जागा अडवतो, तिसरा शून्य मार्क सांगतो. माझा मुलगा आज शाळेत आलाय की नाही तेच कळलेलं नाही."

"पण नल हा शब्द इंग्रजीत टाइप केलात तर ४ई, ५५, ४सी, ४सी. चार बाइट! काहीच नसायला चार खोल्या?"

"आप्पा, 'गप्प' हा शब्द तुम्ही मोठ्याने म्हटलात. झालात का गप्प?"

खरं तर इथे भांडण मिटायला हवं. हेक्स ही आकडा लिहायची पद्धत आहे. आकडा हातात असेल तर तो दहाच्या कपड्यात आणा, सोळाच्या आणा, आण्या-रुपयात आणा, माणूस तोच. नलला कपडे घालायला आत कुणी आहे का, हाच प्रश्न आहे. पण दोघांना भांडण मिटवायचं नसतं. बाकावरून उठून घरी गेलं की टीव्ही असतो.

काकांच्या पोतडीत गोष्टी पुष्कळ. कॅलिफोर्नियातल्या एका कॉम्प्युटर-सुरक्षावाल्याने हौसेने गाडीला 'नल' अशी इंग्रजी नंबरप्लेट घेतली. ज्या दंडाच्या पावत्यांत गाडीचा नंबर नोंदवायचा राहिला होता, त्या त्याच्या नावावर जमा व्हायला लागल्या, बारा हजार डॉलरांच्या वर. २०१९ साली त्याने हे स्वतः एका परिषदेत सांगितलं. ही गोष्ट सांगताना काका ०० नंबरच्या घराची आठवण काढायला विसरत नाहीत. सर टोनी होअर यांनी १९६५ साली अल्गॉल-डब्ल्यू या भाषेत नल आणला आणि २००९ मध्ये लंडनमध्ये स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं, हे मी वाचून उत्साहाने काकांना सांगायला गेलो, तर ते माझ्यावरच घसरले. "तो पत्ता नसलेल्या पाटीचा नल. माझा माहिती नसलेल्या रकान्याचा. दोन नल सारखे समजायचे नसतात, हे तुला डब्यांवरून सांगितलं होतं." त्यांचं दैवत एडगर कॉड. १९७० साली आयबीएममध्ये बसून त्यांनी डेटाबेसचं आजचं रूप मांडलं, आणि १९९० च्या पुस्तकात रिकाम्या जागेला दोन वेगळ्या खुणा असाव्यात असं सुचवलं: माहिती आहे पण हाती आलेली नाही, आणि माहिती मुळात लागूच नाही. न तपासलेला खिसा आणि बिनखिशाचा झब्बा. बाजाराने ते मनावर घेतलं नाही, काकांनी घेतलं.

एकदा बाई बाकाशी थांबून हे ऐकत होत्या. म्हणाल्या, "दोनच? आमच्या न्यायशास्त्रात अभाव चार प्रकारचा आहे. मडकं अजून घडलेलं नाही, तो प्रागभाव. फुटलं, तो प्रध्वंसाभाव. कधीच नव्हतं आणि नसणार, तो अत्यंताभाव. आणि मडकं म्हणजे कापड नव्हे, हा अन्योन्याभाव. तुम्हा दोघांचं भांडण चौथ्यातलं आहे." त्या भाजी घेऊन वर गेल्या. काकांनी दोन्ही पेनं काढून चारही नावं लिहून घेतली. त्या रात्री जेवणाच्या प्रश्नाला त्यांनी 'प्रागभाव' असं उत्तर दिलं म्हणतात.

आप्पांचा एकच मुद्दा काकांनी आजवर मान्य केला. काही यंत्रणांत अजून न भरलेल्या मेमरीत मुद्दाम एक भयंकर आकडा भरून ठेवतात, हेक्सची अक्षरं जुळवून झालेला: डेडबीफ. दिसला की समजायचं, इथे कुणी खरी माहिती ठेवलेलीच नाही. आप्पा पक्के शाकाहारी, एकादशीला ते या आकड्याचा उच्चारही करत नाहीत. काका बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "हे प्रामाणिक आहे. आत काही नाही, हे ओरडून तरी सांगतं. लोक त्या जागी गोड दिसणारा आकडा घालतात, त्याचा मला राग."

गोड दिसणारा आकडा म्हणजे काय, ते २०२५ च्या जूनमध्ये कळलं. सोसायटीच्या वाढदिवसांची यादी काकांकडे असते. आपल्याकडे एका पिढीतल्या निम्म्या ओळखीच्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. मुलाला शाळेत घालायला बाप घेऊन जाई, तारीख त्याला ठाऊक नसे, शाळा जूनमध्ये सुरू होई, मास्तर १ जून लिहून मोकळे होत. काकांनी यादीत पंचावन्नच्या पुढच्या सगळ्या १ जूनवाल्यांची जागा रिकामी ठेवली आहे. आप्पांचीही. कागदोपत्री त्यांचा जन्म १ जून १९६१ चा. म्हणजे त्या दिवशी चौसष्ट पूर्ण, आणि चौसष्ट म्हणजे सोळाच्या मापात चार-शून्य. आप्पांनी महिनाभर आधीपासून सगळ्यांना 'चाळिशीचं' आमंत्रण दिलं होतं. केक आणला, त्यावर चार आणि शून्य अशा दोन मेणबत्त्या.

सुरी हातात घेताना आप्पांना आईची आठवण आली. "आई सांगायची, पानशेत फुटलं तेव्हा आम्ही नदीकाठी राहत होतो. मी पोटात होतो, आणि ती भांडी घेऊन पर्वतीकडे पळाली."

नलकाकांनी हातातली कागदी डिश खाली ठेवली.

"पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला."

"बरं मग?"

"१२ जुलैला तुम्ही पोटात होतात?"

खोलीत शांतता पसरली. बाई बोटांवर महिने मोजू लागल्या. आप्पांनी सुरी तशीच धरली होती. "म्हणजे मी..."

"तुम्ही अजून त्रेसष्टच. तीन-एफ. चाळिशी लागलेली नाही. कधी लागणार, तेही सांगता येत नाही," काका अतिशय हळुवारपणे म्हणाले. "आणि ३१ मेला रिटायर झालात ना? निदान दोन महिन्यांचा पगार सोडलात."

आप्पा खुर्चीत बसले. आयुष्यात प्रथमच त्यांच्याकडे एखाद्या गोष्टीचा आकडा नव्हता. मग त्यांनी नातवाला खाली पिटाळलं, मेणबत्त्या बदलून आण म्हणाले. तो वीस मिनिटांनी परत आला. दुकानदाराकडे तीन होता, एफ नव्हता.

केक चार-शून्यचाच कापला. यादीत आप्पांच्या नावापुढची जागा अजून रिकामी आहे.